अडीच एकरांची बाग आणि चिमाजी अप्पांची धास्ती



हा भाग मी तिरुनीलक्कुडीहून बोलतोय. कुंभकोणमच्या पूर्वेला असलेलं हे लहानसं गाव. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर तंजावरकडच्या मराठी मंडळींतलं, त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने आमचा मुक्काम या भागात असतो. गावात नीलकंठेश्वराचं जुनं देऊळ आहे. शैव संत अप्पर यांनी ज्या स्थानांवर पदं रचली त्यातलं हे एक. इथल्या पिंडीला तेलाचा अभिषेक होतो आणि ओतलेलं तेल दगडात मुरून जातं, अशी त्याची ख्याती. चहूबाजूंना भातशेती आणि केळीच्या बागा. अशा ऐसपैस गावात बसून मी आज मुंबईतल्या एका चिमुकल्या बागेबद्दल बोलणार आहे, त्याला तुम्ही हसलात तरी चालेल.

कारण असं झालं. वसईच्या मोहिमेवर आपण बोललो होतो, त्यानंतर इंदूरच्या एका श्रोत्यानं विचारलं, "कर्नलसाहेब, वसई जिंकली ते ठीक. पण त्या विजयाची मुंबई शहरात काही खूण आहे का?" प्रश्न मला आवडला. खूण आहे. रोज लाखो माणसं तिच्यावरून चालत जातात, तिथे क्रिकेट खेळतात. पण तिथवर जायला आधी बागेत शिरावं लागेल.

बागेचं नाव हॉर्निमन सर्कल. मुंबईच्या फोर्ट भागात, टाउन हॉलच्या रुंद पायऱ्यांसमोर. क्षेत्रफळ साधारण अडीच एकर, म्हणजे फुटबॉलच्या दीड मैदानाएवढं. भोवती वर्तुळाकार रस्ता, रस्त्यापलीकडे एकसारख्या दर्शनी भागाच्या, कमानींच्या इमारती. आत जुनी थोराड झाडं, वाटा, बाकं. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जा. बँकेतले कारकून डबा उघडून बसलेले दिसतील, वकिलाचा हाताखालचा मुलगा फायलींवर डोकं ठेवून झोपलेला दिसेल, पार्सलं वाटणारी पोरं बूट काढून पाय मोकळे करत असतील. बाहेर टॅक्स्यांचा कलकलाट चालूच असतो, पण चार झाडं ओलांडली की आवाज निम्म्यानं उतरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐतिहासिक वगैरे काही डोक्यात नव्हतं, सावली हवी होती. बसल्यावर मात्र जुनी खोड जागी झाली. लष्करात नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा पहिला प्रश्न असतो: ही जागा मोकळी का आहे? दाट वस्तीत मोकळी जागा दिसली की तिथे पाणी असतं, खडक असतो, नाहीतर कुणीतरी हुकूम करून ती मोकळी ठेवलेली असते. आपोआप काही मोकळं राहत नाही. आणि मुंबईत तर नाहीच नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपले आजोबा-पणजोबा या भागाला 'कोट' म्हणायचे, 'फोर्ट' नव्हे. कोट म्हणजे खराच कोट होता. गव्हर्नर चार्ल्स बून यानं १७१५ नंतर गावाभोवती तट उभा केला. तीन दरवाजे: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बाजारगेट. चर्च म्हणजे सेंट थॉमस. ते अर्धवट बांधून कित्येक वर्षं तसंच पडलं होतं, १७१८ च्या नाताळात पूजेला खुलं झालं. त्याच्या समोर एक मोठं पटांगण होतं, त्याला इंग्रज 'बॉम्बे ग्रीन' म्हणत. आजची बाग त्याच पटांगणाचा उरलेला तुकडा. हे पटांगण तटाच्या आत होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे फरक पडणार आहे.

तट बांधला खरा, पण तो होता समुद्रावरच्या शत्रूसाठी आणि किरकोळ दरोड्यासाठी. जमिनीवरून मोठी फौज येईल ही धास्ती इंग्रजांना नव्हती, कारण मध्ये पोर्तुगीज होते. साष्टी आणि वसई त्यांच्याकडे. १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी मराठ्यांनी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या दिवसापासून मुंबईचे इंग्रज आणि मराठी फौज यांच्यामध्ये फक्त माहीमची खाडी उरली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असलेल्या फौजेला ती खाडी म्हणजे काय अडथळा!

इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही एकाच वेळी. पहिली, वकील धाडले. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. जुलैमध्ये इंचबर्डनं तह जुळवला. दुसरी, तह होवो न होवो, तटाबाहेर खंदक खणायला घेतला. पैसे पुरेनात तेव्हा कोटातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. व्यापारी स्वखुशीनं संरक्षणाला वर्गणी देतात तेव्हा समजावं की भीती खरी आहे. बोलणी चालू ठेवायची आणि खणणंही चालू ठेवायचं, ही शहाणी रीत आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

पण खंदकानं काम अर्धंच होतं. तटाबाहेर नारळाची वाडी आणि घरं अगदी लगटून उभी होती. तटावरच्या गोलंदाजाला समोर आडोसा परवडत नाही. शत्रू नारळाच्या झाडामागून, घराच्या भिंतीमागून सरकत सरकत खंदकापाशी येतो आणि मग तुमच्या तोफा नुसत्या शोभेच्या. त्या काळच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला शंभर यार्डांच्या आतबाहेर, तोफेचा काही शे यार्ड. तेवढा पट्टा साफ हवा. आम्ही त्याला 'फील्ड ऑफ फायर' म्हणतो. तर झाडं तोडली गेली, घरं हलवली गेली. हे एका फटक्यात झालं नाही. लोक हलायला तयार नसत, परत येऊन झोपड्या बांधत, पुन्हा हुकूम निघे. पुढे फ्रेंचांची धास्ती वाढली तशी मोकळ्या पट्ट्याची रुंदीही टप्प्याटप्प्यानं वाढवत नेली. १७ फेब्रुवारी १८०३ ला कोटात भयंकर आग लागली, घरांचा मोठा भाग जळला. त्यानंतर पट्टा आणखी रुंद झाला आणि कोटातली देशी वस्ती त्या मैदानापलीकडे सरकली. या साफ केलेल्या पट्ट्याचं नाव एस्प्लनेड.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. ही आज चार वेगळी नावं आहेत, पण एकाच पट्ट्याचे ते उरलेले तुकडे. इंदूरकर मंडळींना हे माझं उत्तर. जिथे मुंबईची पोरं तीन-तीन सामन्यांचे स्टंप एकमेकांत मिसळून क्रिकेट खेळतात, ती जागा प्रथम मोकळी झाली ती वसईचा बुरूज पडल्यामुळे. सगळं श्रेय आपलं असं मी म्हणणार नाही, पुढच्या रुंदीला फ्रेंच आणि ती आगही कारण आहे. पण सुरुवात १७३९ ची.

ही एकट्या मुंबईची कथा नाही. कलकत्त्याला १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं 'मराठा डिच' खणायला घेतला. तो पुढे बुजवला आणि त्यावर सर्क्युलर रोड आला. प्लासीनंतर नवा फोर्ट विल्यम बांधताना गोविंदपूर गाव उठवून तोफांसाठी मोकळी जागा केली, तेच आजचं कलकत्त्याचं मैदान. दोन मोठी शहरं, दोन मोठी मैदानं, आणि दोन्हीकडे झाडांआधी तोफ आलेली.

आता परत तटाच्या आत, आपल्या पटांगणात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. घाटावरून, गुजरातेतून आलेला कापूस इथे तोलला जाई, दाबला जाई आणि बंदरात जाई. त्यामुळे 'कॉटन ग्रीन' हे नाव पहिल्यांदा या जागेला पडलं, रेल्वे स्टेशनाला नंतर. पटांगणात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा घुमटीखालचा पुतळा होता. घुमटी, आत गोरी मूर्ती; आपले लोक फुलं वाहू लागले, हात जोडू लागले. सरकारला हे आवडेना, पण लोक ऐकेनात. (तो पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. फुलं कुणी वाहत नाही.)

१८४४ मध्ये कापूस कुलाब्याला हलवला. आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण जागेचं काम संपलं. काम संपलेली मोकळी जागा ही शहरातली सगळ्यात असुरक्षित जागा. ती आधी उकिरडा होते आणि मग कुणाची तरी मालमत्ता होते. ग्रीनवर नारळाच्या करवंट्या, राडारोडा, कबुतरं असं सगळं साचत गेलं.

तिला वाचवणारा माणूस पोलीस अधिकारी होता, चार्ल्स फोर्जेट. मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख, देशी भाषा सहज बोलणारा, वेश पालटून बाजारात फिरणारा. हे नाव ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील, आणि बरोबरच आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या पलटणींतल्या काही शिपायांचा दिवाळीच्या सुमारास उठावाचा बेत होता. गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी त्यांच्या बैठका होत. फोर्जेटनं त्या घराच्या भिंतीला भोकं पाडून शेजारच्या खोलीतून सगळं ऐकलं, आपल्या वरिष्ठांनाही ऐकवलं. १५ ऑक्टोबर १८५७ ला मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचा शिपाई मंगल यांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं, सगळ्या पलटणी उभ्या करून. मी ड्रिल हवालदारांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे. पलटणीत ड्रिल हवालदार म्हणजे कोण, हे मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ती परेड डोळ्यांसमोर आणली की आझाद मैदानाच्या कडेनं जाताना पाऊल जड होतं.

आणि तोच फोर्जेट, दोन-चार वर्षांत, करवंट्यांच्या ढिगाऱ्याकडे बघून म्हणतो की इथे गोल बाग करू. इतिहास माणसांना एका खणात बसू देत नाही.

त्याची योजना मी बारकाईनं बघतो, कारण तीत डावपेच आहे. 'लोकांना हवा मिळावी म्हणून बाग द्या' एवढंच म्हटलं असतं तर फाईल बंद झाली असती. त्यानं सुचवलं ते असं: म्युनिसिपालटीनं सगळी जागा विकत घ्यावी, मधलं वर्तुळ मोकळं ठेवावं आणि भोवतालची कड तुकडे पाडून बांधकामाला विकावी. मध्ये बाग असणार म्हणून कडेच्या तुकड्यांना भाव चांगला येईल, आणि कडेचे मालक बागेचे कायमचे पहारेकरी होतील, कारण बाग गेली तर त्यांच्याच इमारतीची किंमत उतरणार. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पाठिंबा दिला, त्यांच्यानंतर सर बार्टल फ्रिअर यांनी पुढे नेलं. वेळही नामी साधली. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा मावेना. इंग्रजी पेढ्यांनी तुकडे उचलले आणि म्युनिसिपालटीला भरघोस नफा झाला. जुलै १८६५ मध्ये तेजीचा फुगा फुटला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. योजना चार वर्षं उशिरा निघाली असती तर बाग झाली असती का, मला शंका आहे. १८६९ मध्ये बाग आखायला घेतली, १८७२ ला पुरी झाली. नाव एल्फिन्स्टन सर्कल.

इथे एक गल्लत नेहमी होते ती सांगून टाकतो. ज्यांच्या नावे कॉलेज ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई बुडवणारे, १८२७ पर्यंतचे गव्हर्नर. ज्यांच्या नावे हे सर्कल ते पुतणे, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० चे गव्हर्नर. लोकलचं जुनं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी, तेही याच पुतण्याचं.

याच वर्षांत तटाचं काय झालं बघा. रेल्वे आली, लांब पल्ल्याच्या तोफा आल्या, तटाचा उपयोग संपला. फ्रिअर यांनी १८६२ नंतर तो पाडायला काढला. चर्चगेट होतं त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ चं, म्हणजे तट पडत असतानाचं. त्या दृष्टीनं ते पुस्तक पुन्हा चाळा. तट पडला आणि बाहेरचा मोकळा पट्टा एकदम 'उपलब्ध' झाला. हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय हे सगळं त्या पट्ट्यावर किंवा त्याच्या कडेला आलं. इमारती देखण्या आहेत, माझी तक्रार नाही. पण मूळ सलग मैदानाचे तुकडे झाले, आणि जे उरलं ते हट्टानं उरलं. आतल्या ग्रीनला योजना होती, बाहेरच्या एस्प्लनेडला एकच एक योजना नव्हती. म्हणून लहान जागा अखंड राहिली आणि मोठीचे लचके तुटले. संख्याबळापेक्षा ठाण मांडणं महत्त्वाचं, असं आम्ही म्हणतो. जमिनीलाही ते लागू पडतं.

मोकळं ठेवायला प्रत्येक गावाचं कारण निराळं. मी जिथे बसलोय तिथून जवळच्या कुंभकोणममध्ये भर गर्दीतली मोकळी जागा म्हणजे बाग नाहीच, पाणी आहे. महामहम तलाव, सहा एकरांच्या वर, काठानं सोळा मंडप. नायकांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी ते मंडप बांधवले. नंतर तंजावरला व्यंकोजीराजांचं मराठी राज्य आलं आणि १८५५ पर्यंत चाललं, तरी तलावाला कुणी हात लावला नाही. बारा वर्षांतून एकदा इथे लाखोंचा मेळा भरतो. उरलेल्या काळात संध्याकाळी पायऱ्यांवर म्हाताऱ्या गप्पा मारतात आणि मुलं अभ्यास करतात. ती एका दिवसाची गरजच पिढ्यान् पिढ्या जागा राखत आली. ती जागाही कमी पडू शकते, हे १८ फेब्रुवारी १९९२ ला दिसलं. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत जवळपास पन्नास माणसं गेली. पायऱ्या, अरुंद उतार, एकाच बाजूला लोटलेली गर्दी. ज्यानं कधी जमाव हाताळलाय त्याला नकाशा बघूनच पोटात गोळा येतो.

लंडनमध्ये जुन्या दफनभूमींच्या बागा झाल्या. १८८० चं पोस्टमन्स पार्क त्यातलंच. न्यूयॉर्कला ५३ व्या रस्त्यावर पेली पार्क आहे, १९६७ मध्ये उघडलं, जेमतेम ४,२०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या एका बंगल्याचा प्लॉट. मागच्या भिंतीवरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि त्या आवाजात रस्ता बुडून जातो. त्या जागी आधी स्टॉर्क क्लब हा नामांकित नाइट क्लब होता. मला हे विशेष वाटतं, कारण बांधलेलं पाडून मोकळं करणं हा उलटा प्रवास फार क्वचित होतो.

आपल्याकडे सरळ प्रवास कसा होतो, तेही सांगतो. नोकरीत असताना एका छावणीच्या गावी बाजाराच्या नाक्यावर एक तिकोनी तुकडा होता. पूर्वी तिथे खेचरांना पाणी पाजायचे दगडी हौद होते. खेचरं गेली, हौद राहिले, भोवती तीन कडुलिंब. भाजीवाल्या तिथे टोपली टेकवायच्या, शाळेची मुलं रिक्षाची वाट बघायची. दर वर्षी कुणीतरी गाळे काढण्याचा अर्ज घेऊन यायचं आणि दर वर्षी विचारायचं, "साहेब, या जागेचा उपयोग काय?" माझ्या काळात अर्ज मागे गेले. दहा वर्षांनी त्या गावी गेलो तर अकरा गाळे उभे होते, त्यातले चार बंद. भाजीवाल्या रस्त्यावर बसल्या होत्या, आणि वाहतुकीला अडथळा होतो म्हणून त्यांना हाकलणारा शिपाईही नेमलेला होता.

फोर्जेटच्या योजनेत या प्रश्नाला उत्तर तयार होतं. "उपयोग काय" असं विचारणाऱ्याला तो कडेच्या तुकड्यांचा भाव दाखवू शकत होता. आजच्या नगरसेवकांनी आणि सोसायट्यांच्या कमिट्यांनी हा कागद अभ्यासावा असं मला मनापासून वाटतं. सावलीची किंमत सावलीत बसणारा देऊ शकत नाही, पण तिच्या कडेला दुकान असणारा देऊ शकतो.

राहिलं नाव. स्वातंत्र्य मिळालं आणि एल्फिन्स्टनचं नाव उतरवलं गेलं. त्या जागी आलं ते पुन्हा एका इंग्रजाचंच. बेंजामिन गाय हॉर्निमन, फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. एप्रिल १९१९ मध्ये, रौलट कायद्याच्या विरोधात आणि पंजाबातल्या दडपशाहीवर सडेतोड लिहिल्याबद्दल सरकारनं त्यांना हद्दपार करून विलायतेला धाडलं. तिथेही गप्प बसले नाहीत, अमृतसरच्या प्रकरणावर पुस्तक काढलं. १९२६ मध्ये परत आले, १९४८ मध्ये वारले.  

आता ज्यांना हे सगळं पायानं बघायचंय त्यांच्यासाठी मार्ग. सकाळी आठला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. मागच्या बाजूला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या किल्ल्याचा एक दगडी तुकडा उभा आहे, तो आधी बघा. तटाची जाडी कळेल. तिथून दक्षिणेला चालत हॉर्निमन सर्कल. बागेचं फाटक उघडं असेल तर आत अर्धा तास, नसेल तर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर. या टाउन हॉलचा आराखडाही एका लष्करी इंजिनिअरचा, कर्नल काउपरचा; इमारत पुरी झाली १८३३ मध्ये. मग सेंट थॉमसवरून सरळ पश्चिमेला फ्लोरा फाउंटन, म्हणजे चर्चगेट ओलांडून तुम्ही कोटाबाहेर पडलात. इथून ओव्हलच्या कुंपणापर्यंत पावलं मोजत जा. माझी किती भरली ते सांगत नाही, प्रत्येकाची ढांग वेगळी. ओव्हलमध्ये पोचलात की मागे वळून कोटाकडे तोंड करून उभे राहा. मधल्या इमारती डोळ्यांसमोरून पुसून टाका आणि तटावरच्या गोलंदाजाला तुम्ही दिसताय का ते बघा.